हौसाक्काचं सज्जता प्रमाणपत्र

एक होतं जंगल. जंगलाला होती नदी, नदीला होता घाट, आणि घाटावर भरायचा बाजार. बाजारात मध मिळायचा, डिंक मिळायचा, करवंदं मिळायची. अध्यक्षांचा फोटो तर प्रत्येक दुकानात असायचा. तो कुणी मागितला नव्हता, तरी असायचा.

अध्यक्ष म्हणजे बिबटेसाहेब. या जंगलात राजाबिजा नव्हता बरं का, लोकशाही होती. निवडणूक वेळेवर व्हायची. दर वेळी बिबटेसाहेबच निवडून यायचे, कारण विरोधी उमेदवार एकदा प्रचाराला निघाला की परत यायचा नाही. नोंदवहीत लिहायचे, 'स्थलांतरित'.

याच बाजारात हौसाक्का भेकर मोहाची फुलं विकायची. भेकर म्हणजे हरणाच्याच जातीचं, अंगानं लहान, पण धोका दिसला की कुत्र्यासारखं भुंकतं. हौसाक्का हे ठरवून करायची नाही. आपल्याला शिंक येते तसं तिला भुंकणं यायचं.

आणि त्याच्यावर सगळा बाजार चालला होता. घाटावरच्या अर्जुनाच्या झाडाच्या शेंड्यावर बजाबा वानर बसायचा. गवतात ठिपके हलले की तो वरून खोकायचा, 'खक्!' की खाली हौसाक्का भुंकायची. तिसऱ्या भुंकण्याआधी पेंढ्या बिळात, बोरं ढोलीत, पोरं काखेत. बाजार होता की नव्हता असं व्हायचं. याबद्दल बजाबाला दर दुकानातून रोज मूठभर खाऊ मिळायचा. या व्यवस्थेला कुणी योजना म्हणत नव्हतं. म्हणून ती चालत होती.

मग दोन वर्षांमागं शिंकेची साथ आली. आधी सरकार म्हणालं, साथ नाही. मग म्हणालं, आहे पण घाबरू नका. मग म्हणालं, आम्ही घालवली. या तीन वाक्यांच्या मध्ये बाजार चार महिने बंद होता. उघडला तेव्हा अर्धी दुकानं उघडलीच नाहीत. मुंगसाचं गेलं, सायाळीचं गेलं. हौसाक्काच्या मोहाला बुरशी आली, पण ती टिकली, कशीबशी.

म्हणून दवंडी आली तेव्हा तिला खरं तर आनंदच झाला.

"ऐका होऽऽ! सज्ज व्यापारी, सुरक्षित जंगल! साथ असो की पूर, आपला बाजार भरपूर! दुकानदारांना तीन दिवस प्रशिक्षण! प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणं सक्तीचं! ज्याच्याकडं नाही, त्याचं दुकान सोमवारी उचलणार!"

"बरं झालं की," हौसाक्का शेजारच्या भिकोबा सशाला म्हणाली. "कुणीतरी शिकवणार तरी."

"अक्का, तू सोमवारचं ऐकलंस का?"

"ऐकलं. पण तीन दिवस बसायचं आणि कागद घ्यायचा. त्यात काय अवघड?"

शिकवायला आले तरससाहेब. सरकारी सल्लागार. बिबटेसाहेबांचं जेवण झालं की उरलेलं त्यांच्याकडं यायचं, त्यामुळं त्यांचा सरकारवर गाढ विश्वास होता.

"व्यापारी बंधूभगिनींनो," ते म्हणाले, "आपत्ती ही संधी आहे. कुणाची, ते विचारू नका."

टाळ्या पडल्या. टाळ्या कधी वाजवायच्या हे सांगायला एक घुबड नेमलेलं होतं. ते दिवसा झोपायचं, पण त्याला धक्का दिला की पंख उघडायचं.

तरससाहेबांनी सालीवर यादी लिहिली. आपत्त्या पाच. साथ, पूर, वणवा, चोरी आणि अफवा.

पहिला दिवस साथीचा. सगळ्यांनी पळसाचं पान तोंडाला बांधायचं आणि तीन हात अंतर ठेवायचं. धामणीनं विचारलं, कुणाचे हात? तिला अहवालात 'असहकारी' लिहिलं.

हौसाक्कानं खूर वर केला. "साहेब, मागच्या साथीत मी आठ दिवस पडून होते. दुकान उघडायला कुणी नव्हतं. तसं झालं तर काय करायचं?"

"अतिशय महत्त्वाचा प्रश्न," तरससाहेब म्हणाले. "याचं उत्तर पुढच्या सत्रात."

पुढचं सत्र जेवणाचं होतं.

दुसऱ्या दिवशी पूर, वणवा आणि चोरी एका दमात उरकले. मग अफवा आली, आणि तिला संध्याकाळ झाली.

"अफवा ही सगळ्यात घातक," तरससाहेब म्हणाले. "यापुढं बाजारात धोका दिसला, तर ओरडायचं नाही. अर्ज करायचा. अर्ज माझ्या कार्यालयात येईल. आम्ही पाहणी करू. धोका खरा निघाला, तर अधिकृत ढोल वाजेल. परवानगीशिवाय खोकणं, भुंकणं, शेपूट आपटणं हे सगळं अफवेत धरलं जाईल. दुकान जागेवर रद्द."

"आणि बजाबा?" भिकोबानं विचारलं.

"बजाबांची बढती झाली आहे!"

सगळ्यांनी वर बघितलं. शेंडा रिकामा होता. बजाबा खाली कार्यालयात बसला होता, खुर्चीत, भिंतीकडं तोंड करून. पुढ्यात नोंदवही होती. पाटीवर 'मुख्य टेहळणी अधिकारी' लिहिलं होतं.

"बजाबा, अरे तिथनं काय दिसतं तुला?" हौसाक्कानं हाक मारली.

"भिंत दिसते, अक्का," तो आतून म्हणाला. "पण पगारी दिसते."

हौसाक्काला राहवलं नाही. तिनं पुन्हा खूर वर केला. "साहेब, एक विचारू? या यादीत बिबट्या आला तर काय करायचं, ते कुठं आहे?"

असं शांत झालं की घुबडाला जाग आली. त्यानं सवयीनं दोन टाळ्या वाजवल्या.

तरससाहेब हसले. ते तसेही हसायचेच. "बाई, बिबट्या येत नसतो. माननीय अध्यक्ष येतात. त्याला आपत्ती नाही, दौरा म्हणतात. दौऱ्याची तयारी स्वागत समिती बघते. आणि बरं आठवलं, उद्या प्रमाणपत्रं द्यायला अध्यक्ष स्वतः येणार आहेत. सगळ्यांनी एका रांगेत उभं राहायचं. हीच परीक्षा. जो गप्प उभा राहील, तो पास."

हौसाक्का दोन पावलं पुढं आली. "साहेब, भुंकणं माझ्या हातात नाही हो."

"मग दुकानही नाही," तरससाहेब म्हणाले.

घरी जाताना भिकोबा म्हणाला, "अक्का, एक दिवस दाबून धर. कागद घे, मग हवं तेवढं भुंक."

"आणि त्यानं तुलाच उचललं तर रे?"

"मला? छे. मी तर स्वागत समितीत आहे. हार मीच घालणार आहे."

"मागच्या वर्षी हार कुणी घातला होता?"

भिकोबानं कान खाजवला. "मागच्या वर्षीचा स्थलांतरित झाला."

सकाळी हौसाक्कानं एकच उपाय केला. दोन्ही गालांत मावतील तेवढी मोहाची फुलं कोंबली आणि रांगेत उभी राहिली. श्वास घ्यायला नाक होतं, तेवढं पुरे. तिनं ठरवलं, खाली बघायचं. खुरांकडं. खूर मोजायचे. चार होतात, परत मोजायचे.

बिबटेसाहेब आले. अंगाला तेल लावलेलं, चाल मऊ, पोट रिकामं. भाषणाला उभे राहिले.

"माझ्या बांधवांनो! मी तुमचा सेवक आहे. तुमच्यातल्या प्रत्येकावर माझी नजर आहे. तुमच्याशिवाय माझा एक दिवस जात नाही. तुम्ही आहात, म्हणून मी आहे!"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. घुबडाला धक्का दिला. टाळ्या.

भिकोबा हार घेऊन पुढं झाला. साहेबांनी मान वाकवली, हार घालून घेतला, आणि एक पंजा त्याच्या खांद्यावर ठेवला. फोटो निघाला. पंजा खाली उतरला नाही.

"तरुण व्यापारी आहे," साहेब म्हणाले. "अडचणी असतील याच्या. चल रे, त्या करवंदीच्या जाळीमागं बसून सविस्तर बोलू."

भिकोबानं मागं वळून बघितलं. कान पाठीला चिकटलेले. कार्यालयात बजाबा भिंतीकडं बघत होता. अधिकृत ढोलाला कुलूप होतं. रांगेतली सगळी आपापल्या खुरांकडं बघत होती, ज्यांना खूर नव्हते तीसुद्धा.

हौसाक्कानं खूर मोजले. चार. परत मोजले. तिच्या डोळ्यांसमोर दुकान आलं, सोमवार आला, आणि त्या दोघांच्या मधून भिकोबाचे ते कान आले.

मोहाची फुलं आधी आली. ती थेट तरससाहेबांच्या तोंडावर. त्यांच्या मागनं भुंकणं आलं. कालपासून साठलेलं, घाट हलवणारं.

दुसऱ्या भुंकण्याला पाखरं उडाली. तिसऱ्याची गरजच पडली नाही. पेंढ्या बिळात, बोरं ढोलीत, पोरं काखेत. भिकोबा पंज्याखालून असा सटकला की पंज्यात नुसता केस राहिला. बजाबा खुर्चीतून थेट शेंड्यावर गेला, नोंदवहीसकट. धामणीला हात नव्हते, पण तीही हातोहात गेली. हौसाक्का स्वतः भुंकत भुंकतच गेली.

घाटावर उरले तिघं. अध्यक्ष, गळ्यात हार घालून. तरससाहेब, मोह पुसत. आणि घुबड, कारण त्याला कुणी धक्का दिला नव्हता.

"हे काय झालं?" बिबटेसाहेब हळू आवाजात म्हणाले. ते हळू बोलले की तरसाच्याही पाठीवरचे केस उभे राहायचे.

आता सांगायचं काय? सगळे पळाले, हे तर दिसतच होतं. कुणाला बघून पळाले, हे कुणी लिहायचं? तरससाहेबांनी एकदा ओठ चाटले. मोहाचा गोडवा लागला, आणि डोकं चाललं.

"अभिनंदन साहेब! सराव यशस्वी! हा तर विक्रम झाला. आपल्या प्रशिक्षणाचं फळ!"

साहेबांनी रिकामा घाट बघितला. "माझ्या मार्गदर्शनाखाली," ते म्हणाले.

"अर्थात, साहेब. नुसत्या आपल्या उपस्थितीनं."

दुसऱ्या दिवशी झाडाझाडावर तोच फलक. 'अध्यक्षांच्या मार्गदर्शनाखाली क्षणार्धात बाजार रिकामा.' शेजारच्या जंगलातून पाहुणे बघायला आले. आता साहेब सगळ्याच बाजारांत सराव घ्यायला जातात. ते आले की बाजार रिकामा होतो. अहवालात त्याला सज्जता म्हणतात.

हौसाक्काचं दुकान राहिलं. तिला पळवून लावलं असतं, तर ती का भुंकली हे लिहावं लागलं असतं. प्रमाणपत्र मिळालं, वर शेरा होता, 'भुंकणे : सूचनेनुसार'. प्रमाणपत्रावर बिबटेसाहेबांचा मोठा फोटो आहे, म्हणून तिनं तोंड भिंतीकडं करून लावलं. तपासनीसानं विचारलं, उलटं का? ती म्हणाली, "उन्हानं ठिपके उडतील हो, जपायला नको?" त्यानं ते कौतुकानं लिहून घेतलं.

बजाबा शेंड्यावरून काही खाली आला नाही. पगार खुर्चीला चालू आहे. त्याला मूठभर खाऊ दुकानदारच देतात, पहिल्यासारखा. हौसाक्का आजारी पडली तर दुकान भिकोबा उघडतो. हे त्या दोघांनी एका संध्याकाळी बसून ठरवलं, सत्र न घेता.

भिकोबानं मध्ये एकदा तरससाहेबांना अदबीनं विचारलं, त्या यादीत आता एखादी आपत्ती वाढवायची का? साहेब म्हणाले, गरज नाही. यादी अध्यक्षांनी मंजूर केली आहे.

तर यादीत आपत्त्या अजून पाचच आहेत. सहावी खाली सही करते.