तीनदा वाढलेलं घर

एका राज्यात घर विकणं भारी अवघड होतं. घोडा विका, हत्ती विका, सोन्याची अंडी घालणारी टिटवी विका, कुणी काही विचारत नसे. पण घर विकायचं म्हटलं की विकणाऱ्याने आपल्या उंबरठ्यावर उभं राहायचं, घेणाऱ्याने पायऱ्यांखाली, आणि राजाच्या चिटणिसाने मधल्या पायरीवर ताडपत्र घेऊन बसायचं. चिटणीस विचारी, "या घरात काय घडलं?" सांगितलेलं लिहून घेई. मग विचारी, "आणखी?" तेही लिही. मग पुन्हा, "आणखी?" ताडपत्र मंतरलेलं होतं. सांगणं खरं आणि पुरं असलं की अक्षरं टिकत. नसलं की ती मुंग्यांसारखी पानावरून चालू लागत, पायऱ्या उतरत आणि रस्त्याने निघून जात. अक्षरं गेली की सौदा मोडला. असे सौदे एका घराचे तीनदाच मांडता येत.

बहुतेक लोकांना याचा काही त्रास नव्हता. गळकं छप्पर, भांडखोर शेजारी, विहिरीत एखादं बोलकं कासव, एवढंच सांगायचं असे.

त्या राज्यात कुशाबा तांबट नावाचा दिवे ओतणारा होता. राजवाड्यातल्या सगळ्या समया त्याच्या हातच्या. बायको वेणाई, आठ वर्षांची मुलगी भिवरा. दिव्यांच्या अवसेच्या दिवशी सकाळी एका फिरत्या जादूगाराकडून त्याने तांब्याच्या घड्यातला एक सेवक विकत घेतला. सेवकाचं नाव हरकाम्या. त्याला अंग नव्हतं, नुसता आवाज होता आणि सांगितलेलं काम करण्याची ताकद होती. सातासमुद्रापलीकडचा होता, पण भाषा शिकून आला होता. वेणाईला सणाच्या दिवशी हाताखाली कुणीतरी मिळालं म्हणून कुशाबा खूश झाला. हरकाम्याला कामं सांगून, समया डोक्यावर घेऊन तो राजवाड्याकडे गेला. भिवरा मामाकडे होती.

दुपारी परतला तर घरावर धूर. देवघराच्या दारात एक काळा गोल धोंडा घट्ट बसलेला, आत माणसाच्या उंचीची ज्योत, आणि ज्योतीपलीकडे वेणाई. ती जळून मेली. माजघरातून एक हिरवं पान छप्पर फोडून वर गेलं होतं आणि सगळ्या घरावर पसरलं होतं. लोक जमले. ज्योत काही केल्या कुणाला विझेना. धोंडा लावून दार कुणी बंद केलं, असं विचारू लागले. कुशाबा एकच बोलत राहिला, "शब्द माझाच होता हो. माझ्याच शब्दाने झालं."

राजसभेत हा कबुलीजबाब धरला गेला. राजमांत्रिक दुष्ट नव्हता, पण त्याला जेवायला उशीर झाला होता. तो म्हणाला, "कुशाबा, तू दगड होशील. तुझं घर रीतीने विकलं गेलं तर पुन्हा माणूस होशील. बारा वर्षांत विकलं नाही तर दगडच राहशील." असं घर कोण घेतो, असा त्याचा अंदाज होता. कुशाबा राजवाड्याच्या वेशीशी दगड होऊन बसला. पोरं त्याच्यावर चढून खेळत, बैलगाड्या त्याला चाक घासून जात.

भिवरा मामाकडे वाढली. दर सोमवारी ती वेशीशी जाऊन तो दगड धुई. पण दगडाशी ती बोलत नसे. आईला यानेच मारलं असं सगळं राज्य म्हणत होतं, तेव्हा त्याच्याशी काय बोलावं, हे तिला कळत नसे. आणि न धुता राहवतही नसे.

घर विकणारं माणूस वीस वर्षांचं लागे. भिवराला वीस पुरी झाली तेव्हा आषाढ लागला होता. अवसेला बारा वर्षं भरायची होती. मामा म्हणाला, "बाई गं, कशाला त्या घराच्या वाटेला जातेस? तुझं लग्न जमायचंय अजून."

भिवरा म्हणाली, "बाप आहे माझा. खरं-खोटं त्याच्या तोंडून ऐकायचंय मला." आणि तिने घरावर पाटी लावली.

पहिला आला हंबीरशेठ, धान्याचा व्यापारी. त्याला कोठार करायचं होतं आणि उंदरांशिवाय तो कशाला भीत नसे. चिटणीस नागोपंत मधल्या पायरीवर बसले.

"या घरात काय घडलं?"

भिवराने छातीवर धोंडा ठेवून सांगितलं, "माझ्या बापाने माझ्या आईला देवघरात कोंडून जाळलं."

हंबीरशेठ म्हणाला, "असेल. भिंती जाड आहेत ना?"

नागोपंतांनी लिहिलं. शेवटचा काना ओढला मात्र, अक्षरं हलली. एकेक अक्षर पाय फुटल्यासारखं चाललं, पायऱ्या उतरलं आणि हंबीरशेठच्या जोड्यांवरून रस्त्याला लागलं. सौदा मोडला. शेठ चडफडत गेला. भिवरा मात्र उंबरठ्यावरच मटकन बसली.

"पंत, अक्षरं गेली म्हणजे मी सांगितलं ते खोटं?"

"खोटं."

"म्हणजे माझ्या बापाने मारलं नाही?"

"ते मी कसं सांगू? मी फक्त लिहितो," नागोपंत म्हणाले. पण त्यांनी दौत आवरताना मान वळवून डोळे पुसले, हे भिवराने पाहिलं. त्या दिवशी सोमवार नव्हता, तरी ती वेशीशी गेली. दगडाला मिठी मारून ती म्हणाली, "बाबा, मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. चुकलं माझं." दगड काय बोलणार? पण ती बोलली, हे बरं झालं.

दुसरे आले राजवाड्यातले म्हातारे सनईवाले अंतोबा आणि त्यांची बायको. बाई जरा भित्र्या होत्या. त्यांच्याकडे पाहून भिवराला जड शब्द उच्चारवेना. तिने सगळं गोड करून सांगितलं.

"माझी आई या घरात देवाघरी गेली. माझ्या बापाचा दोष नव्हता."

"आणखी?"

"एक दिवा जरा मोठा झाला होता."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

अक्षरं या वेळी घाईने पळाली, एकमेकांना ढकलत. आतली ज्योत भपकली आणि सनईवाल्या बाईंनी उंबरठ्यापलीकडे तीन खळग्यांचा तो काळा धोंडा पाहिला. "तीन डोळ्यांचा राक्षस आहे तो!" असं ओरडत त्या नवऱ्याला ओढून घेऊन गेल्या. संध्याकाळपर्यंत राक्षसाची बातमी सगळ्या नगरात झाली. पाण्याला जाणाऱ्या बायका त्या गल्लीने जाईनाशा झाल्या.

आता एकच खेप उरली. आणि अवस परवावर आली.

अवसेच्या दिवशी सकाळी तिसरी आली. ती परमुलखातली होती. ताझरी तिचं नाव, जहाजांची शिडं शिवणारी. वर्षभर ती नगरात जागा शोधत होती. कुळ काय, गाव कोणतं, असं विचारून लोक तिला दारातूनच वाटेला लावत. इथली भाषा ती पुस्तकातून शिकली होती आणि प्रत्येक शब्द पुसून घेऊन मांडल्यासारखा बोलत असे.

"घर मोठं आहे," ती म्हणाली. "शीड पसरायला मोठं घर हवं. मला राक्षस चालेल. मला लोकांनी पुष्कळ वेळा राक्षस म्हटलं आहे."

भिवरा म्हणाली, "बाई, थांबा. पंतांना बोलावलं की परतीची वाट नाही. मला पुरतं खरं ठाऊक नाही आणि गोड करून सांगितलेलं टिकत नाही. काय सांगू मी?"

"त्या दिवशी इथे कोण होतं?"

"आई होती. हरकाम्या म्हणून एक सेवक होता, तो पळून गेला म्हणतात. आणि ही साळुंकी."

खिडकीत एक म्हातारी साळुंकी बसली होती. ती बोले, पण ऐकलेलं तेवढंच बोले, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. नगरातल्या प्रत्येकाने तिचं बोलणं ऐकलं होतं. चौकशीला आलेल्या शिपायांनी ऐकलं होतं, राजमांत्रिकाने ऐकलं होतं आणि सगळ्यांनी मान हलवून सोडून दिलं होतं.

"साळुंकी," ताझरी म्हणाली, "त्या दिवशी काय बोलणं झालं?"

साळुंकीने मान तिरकी केली आणि कुशाबाच्या आवाजात म्हणाली, "हरकाम्या, पूजा झाली की नारळ वाढव. दिवा वाढव. मग बाईंचं पान वाढ. येतो मी."

"झालं, एवढंच," भिवरा म्हणाली. "सणाला कुठल्याही घरात बोलतात ते."

ताझरीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तुमच्या सणाला नारळ मोठा करतात?"

"मोठा कशाला? वाढवतात. म्हणजे फोडतात."

"मग फोड का नाही म्हणत?"

"अशुभ वाटतं. सणासुदीला फोड, मोड, विझव असं घरात बोलू नये. दिवा विझव म्हणायचं नाही, वाढव म्हणायचं. आणि पान वाढ म्हणजे जेवायला वाढ..."

भिवरा बोलता बोलता वळली. ती देवघराच्या दारापाशी गेली आणि बारा वर्षं जो धोंडा सगळ्यांनी पाहिला होता, त्याला तिने हात लावला. धोंडा जळून काळा झाला होता, पण त्यावर राठ शेंड्या होत्या. वरचे तीन खळगे नारळाचे तीन डोळे होते.

"हरकाम्या!" तिने हाक मारली. "आहेस का रे?"

"आहे," आढ्यातून आवाज आला. तो फार दमलेला होता. "मालक म्हणाले नारळ वाढव, मी वाढवला. दिवा वाढव, वाढवला. पान वाढ, मी पानाला सांगितलं, वाढ. बाई आतून ओरडत होत्या. मला वाटलं, पुरेसं वाढत नाही म्हणून रागावल्या. म्हणून मी आणखी जोर लावला. बारा वर्षं वाढवतोच आहे. बस म्हणायला कुणी आलंच नाही."

भिवरा आकांताने रडली. हरकाम्याला मारावंसं तिला वाटलं, पण त्याला अंगच नव्हतं. मग तिला त्याचीही कीव आली. ताझरी तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिली. बोलली काहीच नाही, कारण अशा वेळी काय म्हणतात ते तिच्या पुस्तकात नव्हतं.

नागोपंत आले. राक्षस पाहायला आलेली माणसंही पायऱ्यांखाली गोळा झाली. भिवराने डोळे पुसले, पदर खोचला आणि सणाच्या दिवशी, भर दिवसा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हरकाम्या, नारळ फोड!"

बायकांनी कानांवर हात ठेवले. देवघराच्या दारात कडाड आवाज झाला आणि धोंड्याची दोन भकलं झाली.

"दिवा विझव!"

"शिव शिव," गर्दीत कुणी म्हणालं. माणसाएवढी ज्योत खाली आली, समईएवढी झाली, वातीएवढी झाली आणि विझली. बारा वर्षांनी त्या घरात सावली पडली.

"पानात जेवण घाल!"

घरावरचं पान सरसर आवळत छपरातून आत आलं. माजघरात चौरंगापुढे हातभर केळीचं पान मांडलं गेलं आणि त्यावर भात, वरण, तूप, कणकेचे गोड दिवे आले. हरकाम्याने विचारलं, "आता बरोबर?"

"आता बरोबर," भिवरा म्हणाली. "आता तू मोकळा." आढ्यातून एक मोठा निःश्वास आला आणि खिडकीतून निघून गेला.

नागोपंतांनी बोरू उचलला. "या घरात काय घडलं?"

"माझी आई या घरात जळून मेली."

"आणखी?"

"माझा बाप वाढव म्हणाला. परक्या सेवकाला मोठं कर असं कळलं. दारात नारळ अडकला, आई बाहेर येऊ शकली नाही. तिला कुणी मारलं नाही."

"आणखी?"

"बारा वर्षं साळुंकी हेच सांगत होती. आम्ही सगळ्यांनी ऐकलं आणि आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही."

नागोपंत लिहून थांबले. गल्लीभर सगळे त्या पानाकडे पाहत राहिले. अक्षरं जागची हलली नाहीत.

"घेणार?" पंतांनी विचारलं.

"घेणार," ताझरी म्हणाली. "मी पाहिलेल्या सगळ्या घरांमध्ये हे एकच मला पूर्ण माहीत आहे."

तिने पायऱ्या चढून उंबरठ्याला हात लावला आणि सौदा झाला. तिकडे वेशीशी दगडावर बसलेली तीन पोरं एकदम खाली पडली. कुशाबा तांबट उठून उभा राहिला, अंगावरची धूळ झाडली आणि घराकडे चालू लागला. केस पांढरे झाले होते. वाटेत भेटलेली माणसं माना खाली घालून बाजूला झाली. राजाने मागाहून पालखी पाठवली, पण ती रिकामीच परतली, कारण तो घरी पोचलाही होता.

दारात भिवरा उभी होती. त्याने तिला आठ वर्षांची पाहिली होती. "भिवरे?" तो म्हणाला, आणि ती त्याच्या गळ्यात पडली. साळुंकीने ऐकलेलं तिने त्याला सगळं सांगितलं, एकही शब्द गोड न करता. त्याने ऐकून घेतलं. मग माजघरात मांडलेल्या पानाकडे त्याची नजर गेली. वाफ अजून निघत होती.

"हे वेणाईचं पान," तो म्हणाला.

"हो बाबा."

कुशाबा मागे सरला. "चल पोरी. घर आता या बाईंचं आहे."

ताझरी चुलीपाशी गेली, पाट आणला आणि पानापुढे ठेवला. "घर माझं," ती म्हणाली. "पान तुमचं. बारा वर्षं मांडलेलं आहे. बसा."

कुशाबाने तिच्याकडे पाहिलं, मग भिवराकडे. मग तो पाटावर बसला, पानाभोवती पाणी फिरवलं, पहिला घास वेणाईच्या नावाने बाजूला काढून ठेवला आणि दुसरा भिवराला भरवला.

त्या घरात पुढे मोठमोठी शिडं शिवली गेली आणि ती समुद्रावर दूरदूर गेली. ताझरी संध्याकाळी सरळ दिवा विझव म्हणे, आणि शेजारणी ते ऐकून हसत, कानांवर हात कुणी ठेवत नसे. वेणाईचं पान वेळेवर नाही वाढलं गेलं. तुमचं आमचं वेळेवर वाढलं जावो.