मातीहून मऊ सांधा

एकदा एक व्यापारी शालीच्या गाठोड्यात एका मूर्तीचे तुकडे बांधून आचार्यांच्या दारी आला. भंगलेल्या मृण्मूर्ती सांधणे ही आचार्यांची विद्या, आणि त्यांची शिष्या नर्मदा ती मोठ्या निष्ठेने शिकत होती. गाठोडे तिनेच सोडले. मांडीवर सूप घेऊन धान्य पाखडत बसलेली एक स्त्री. भाजलेली माती, वर निळसर झिलई. दोन्ही हात कोपरांपासून निखळलेले.

व्यापाऱ्याने खाली मान घालून हकिकत सांगितली. मूर्ती त्याच्या दिवंगत पत्नीची होती आणि मुलाने घडवली होती. पेढीवर बसायचे सोडून आपण मातीकामच करणार, असे मुलाने सांगितले, तेव्हा रागाच्या भरात बापाने ती जमिनीवर आपटली. मुलगा त्याच पावली घराबाहेर पडला. आता पुष्कळ मनधरणीनंतर तो परत यायला राजी झाला होता. त्याआधी मूर्ती धड व्हावी, एवढीच बापाची इच्छा होती.

नर्मदेने जीव ओतून काम केले. सर्वांत चिवट राळ निवडून तिने दोन्ही हात जागच्या जागी बसवले. राळ ओली होती, तोच आचार्य आले. त्यांनी मूर्ती न्याहाळली, हात हळुवारपणे पुन्हा सोडवले, राळ पुसून काढली आणि बाभळीचा डिंक भिजत घालायला सांगितला.

नर्मदेचे डोळे भरून आले. आपले काय चुकले, हे तिला उमगेना. तेवढ्यात व्यापारीही आला आणि झाला प्रकार पाहून अस्वस्थ झाला. डिंक तो कितीसा टिकणार? त्याला सांधा वज्रासारखा हवा होता.

आचार्यांनी फळीवरचा एक मातीचा घोडा नर्मदेच्या हाती दिला. त्याचा मोडका पाय पूर्वी कुणीतरी घट्ट सांधला होता. नंतर तो घोडा पुन्हा पडला होता. नर्मदेने सांध्यावरून बोट फिरवले. सांधा अभंग होता. सांध्याच्या वर मांडीचा मात्र चुरा झाला होता.

"सांधा मातीहून कठीण झाला, की पुढचा धक्का मातीला सोसावा लागतो," आचार्य म्हणाले. "मऊ असला, तर तो आधी सुटतो आणि माती वाचते. सुटलेले पुन्हा जोडता येते, मुली. चुरा जोडता येत नाही. ही मूर्ती पुन्हा पडणारच नाही, असे वचन मी कुणाला देऊ शकत नाही. पडली तरी जुळण्याजोगी राहावी, एवढेच आपल्या हाती आहे."

व्यापाऱ्याने तो घोडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. घरात पाऊल ठेवताच मुलाने आईच्या या मूर्तीवर हात ठेवून शपथ घ्यायची, पुन्हा मातीला शिवणार नाही म्हणून, असे त्याने ठरवले होते.

"वाटलं, एकदा शपथ घातली की पुन्हा ताटातूट व्हायला नको," तो म्हणाला.

नर्मदा म्हणाली,

"शेटजी, उद्या भांडण झालं तर तो रुसून जाईल आणि राग निवळला की परत येईल. पण आईची शपथ मोडून गेला, तर कुठल्या तोंडाने परत येईल?"

व्यापाऱ्याने डोळे पुसले. "जोडा डिंकानेच," एवढे म्हणून तो उठला.

मुलगा आला तेव्हा मूर्ती ओसरीवर ठेवलेली होती. कोपरांशी सांध्याची बारीक रेघ दिसत होती. त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला आणि बापाकडे पाहिले. बापाने रेघेबद्दल काही सांगितले नाही, शपथेचे तर नावही काढले नाही. मागच्या अंगणात भट्टीला जागा पुरेल का, एवढेच त्याने विचारले. मग दोघे मिळून जागा पाहायला गेले.