बांबूंवर शिवलेले शीड

होड्या आणि शिडे माणसांशी बोलत, त्या काळची गोष्ट. एका खाडीच्या काठावर चंद्राई नावाची होडी ओढून ठेवलेली होती. भरतीचे पाणी तिच्या तळाला लागून परत जाई, आणि ती समुद्राकडे बघत राही.

तिचा गोमा नाखवा आता एकटाच उरला होता. तिचे तिरके शीड जड होते. दिशा बदलताना त्याची लांब काठी डोलकाठीपलीकडे न्यायला चार माणसे लागत. म्हणून नाखव्याने दूरच्या बंदरातून पंख्यासारखे मिटणारे, बांबूच्या पट्ट्यांचे शीड आणले. ते एका दोराने एकट्याला आवरता येई, पण त्याचे कापड वाटेतच कुजले.

"आली बघा चटई!" तिरके शीड हसले. "हिच्यावर बोंबील वाळवा."

"वाळवा की," बांबू म्हणाले. "पण तुला तरी उघडतंय कोण?"



"भांडा हवं तेवढं," चंद्राई म्हणाली, "पण मला एकदा खाडीबाहेर न्या रे. माझ्या फळ्या सुकत चालल्यात."

तिरके शीड म्हणाले, "नाखवा, माझं कापड अजून मजबूत आहे. काप मला."

"दुखेल रे तुला."

"इथं घडी होऊन पडणं जास्त दुखतं."

नाखव्याने त्याचे तुकडे बांबूंवर शिवले. उधाणाच्या भरतीने चंद्राईला उचलले. नाखव्याने एकच दोर ओढला, आणि ती खाडीबाहेर पडली. पहिला तुषार अंगावर येताच जुने कापड बांबूंना म्हणाले, "घट्ट धरा मला. पुढची वाट मला ठाऊक आहे."