आत्याची वाट

आंबेघोळच्या वेशीवरचे वड हातभर रोपं होते, त्या काळातली ही गोष्ट. गाव तेव्हाही डोंगराच्या कुशीतच होतं. वर डोंगरावर एक झरा होता आणि त्या झऱ्याशिवाय गावाला दुसरं पाणी नव्हतं.

गावात एक रीत होती. शिमगा जवळ आला की डोंगराला आग लावायची. राख म्हणजे डोंगराचं खत, जुनं गवत जळलं की नवं जोमानं येतं, असं सगळे मानत. वाळल्या गवताची चूड पेटवून पहिली आग लावायचा मान रखमाजी शेलाराचा. त्याच्या आज्यानं लावली, बापानं लावली, आता तो लावी. वारा कुठून सुटेल आणि आग कुठं वळेल हे त्याला हवेच्या वासावरून कळायचं, असं म्हणतात.

पण झरा आटत चालला होता. आधी तो जेठापर्यंत वाहायचा. मग अक्षय्यतृतीयेपर्यंत, मग पाडव्यापर्यंत. एका वर्षी शिमग्यालाच त्याची धार करंगळीएवढी झाली. म्हातारी माणसं हळूच बोलू लागली, आता गाव हलवावं लागणार.

गावात बयजा नावाची बाई राहायची. गावचीच लेक. नवरा गेल्यावर माहेरी आलेली, म्हणून ती सगळ्यांची आत्या. तिच्याहून वयानं मोठे होते तेही तिला आत्याच म्हणत आणि ती ओ देई. ती शेळ्या घेऊन डोंगरभर फिरायची. फिरता फिरता तिनं एक गोष्ट पाहिली. जिथं कातळ आडवा आल्यानं आग पोचत नाही, तिथली माती उन्हाळ्यातही ओली लागते.

देवळात गावकी बसली तेव्हा ती उभी राहिली. म्हणाली, "औंदा डोंगर जाळू नका."

रखमाजी हसला. "आत्या, गवत तुझ्या शेळ्यांना ठेवायचं आणि आमच्या गुरांनी काय धोंडे चघळायचे?"

"झऱ्याची पूजा चुकली असंल," मागून कुणी बोललं. "आगीला कशाला बोल लावतेस?"

आत्यानं वाद घातला नाही. "बरं. डोंगर तुमचा. झऱ्याच्या वरचा टापू तेवढा मला सोडा. मी राखते."

"घे की," रखमाजी म्हणाला. "राखून दाखव."

दुसऱ्या दिवशी ती कोयता घेऊन वर गेली. टापूच्या भोवती दोन बैलगाड्या शेजारीशेजारी जातील एवढ्या रुंदीचं गवत तिनं कापलं, पाला झाडला, जमीन उघडी केली. कुणी म्हणतं सात दिवस लागले, कुणी म्हणतं सतरा. शेवटच्या दिवशी रानातली भेकरंसुद्धा खुरांनी पाला सारत होती, असं म्हणतात. मग आग आली, उघड्या पट्ट्यापाशी थांबली आणि विझली.

पावसाळ्यानंतर जळलेल्या उतारावर नेहमीसारखं कुसळीचं गवत आलं, गुरांच्या जिभेत रुतणारं. आत्याच्या टापूत मात्र पवन्या उगवला, कमरेएवढा आणि मऊ. कुणी काही सांगायच्या आत गुरांनी कौल दिला. ती दावी तोडून तिकडं जाऊ लागली.

पुढच्या वर्षी अकरा घरं पट्टा काढायला आली. त्याच्या पुढच्या वर्षी सगळं गाव आलं आणि पट्टा पुऱ्या डोंगराला वेढून गेला. आत्यानं कुणाला 'चला' म्हटलं नाही. दम्याच्या माणसाला तिनं सावलीत कोयते पाजळायला बसवलं. अबोला धरलेल्या जावांना शेजारशेजारचा तुकडा दिला. करवंदीच्या काट्यांचा सगळ्यात वाईट तुकडा तिनं स्वतःकडं ठेवला.

एक रखमाजी तेवढा आला नाही. त्याची चूड आता कुणी मागत नव्हतं. एका भर दुपारी रागाच्या भरात त्यानं पट्ट्याबाहेरच्या, पलीकडच्या उतारावर एकट्यानंच आग लावली. तो उतारच तेवढा जाळायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा त्याचा वारा चुकला. आग फिरली आणि झऱ्याच्या रोखानं धावत सुटली.

गाव वर पळालं. लोकांनी रखमाजीची मानगूट धरली.

"सोडा त्याला," आत्या म्हणाली.

"आत्या, यानंच लावली!"

"म्हणूनच सोडा. ही आग त्याच्याएवढी कुणाला कळते? रखमा, बोल. काय करायचं?"

रखमाजीनं वर तोंड करून हवेचा वास घेतला. मग तो म्हणाला, "वारा लई आहे, आत्या. आग पट्टा ओलांडणार. पट्ट्याच्या पलीकडचं गवत आपणच आधी जाळायचं. ती इथवर येईल तेव्हा तिला खायला काडी उरता कामा नये."

कुणालाही त्याच्या हाती पुन्हा चूड द्यायची नव्हती. आत्यानं स्वतः ती वळली, पेटवली आणि त्याच्या हातात दिली. "मान तुझाच आहे. लाव."

दोन आगी समोरासमोर आल्या. झुंजीतल्या रेड्यांसारखी त्यांची शिंगं अडकली, असं म्हणतात. आत्या पट्ट्यावर उभी होती. ती आगीला म्हणाली, "बाई, आता पुरे," आणि दोन्ही आगींनी तिच्या पायाशी मान टाकली. तिच्या भुवया जळाल्या त्या पुन्हा उगवल्या नाहीत. पोरं हसली की तीही हसायची. त्या साली झरा मृगापर्यंत वाहिला आणि गाव हलवायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

आत्या पुढं पुष्कळ वर्षं जगली आणि एका श्रावणात गेली. माघ आला. दवंडी पिटली गेली नाही, कुणी कुणाला हाक मारली नाही. आपल्याला कुणी बोलवायला कशाला हवं, असं म्हणत जो तो आपापल्या घरून निघाला, आणि दिवस उगवला तेव्हा सगळं गाव पट्ट्यावर होतं. रखमाजी तर घाम पुसत उभा होता.

त्या पट्ट्याला आज आत्याची वाट म्हणतात. माघी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी आंबेघोळचं दर घर तिथं जातं. पहिला कोयता शेलारांच्या घरचा. ज्यांचं वर्षभर पटलं नाही त्यांना शेजारशेजारचा तुकडा मिळतो आणि काट्यांचा तुकडा गावचा पुढारी घेतो. त्या दिवशी कुणी कुणाला हुकूम करत नाही. एखादा उशिरा, डोळे चोळत वर आला, तर त्याला कुणी बोलही लावत नाही. वाकल्या वाकल्या एवढंच म्हणतात, "ये बाबा. आत्या कधीची पुढं गेलीय."