धूम्रशृंगावरचा हाकारा

पूर्वी कृतयुगाच्या सरत्या काळात, जेव्हा देवांची विमाने सह्याद्रीच्या माथ्यावर विसावत आणि माणसांनी अजून घाटवाटा पाडलेल्या नव्हत्या, तेव्हा धूम्रशृंग नावाच्या अत्युच्च पठारावर शतर्चन मुनींचा आश्रम होता. अंजनी-जांभळींच्या गर्द छायेत वसलेल्या त्या तपोवनाच्या एका अंगाला शीतल निर्झर वाहत होता आणि दुसऱ्या अंगाला पाताळापर्यंत गेल्यासारखी दरी पसरली होती. तिथला सूर्यास्त पाहण्यासाठी गंधर्वसुद्धा वाट वाकडी करून येत. जागा मोठी देखणी, पण तितकीच दगाबाज. भर दुपारी दरीतून धुके वर चढे आणि पुढचे पाऊल गवतावर पडणार की पोकळीत, हे कळेनासे होई. म्हणून आश्रमात एक नेम होता. धुके चढले की घरी असेल त्याने हाकारा द्यायचा आणि बाहेर असेल त्याने त्या आवाजाच्या रोखाने परतायचे.

हा नेम मुनिपत्नी धारिणीने घालून दिला होता आणि बारा वर्षे तो तिनेच पाळला होता. कारण मुनी बोलत नव्हते.

त्याचे असे झाले होते की, देवांच्या एका यज्ञसभेत शतर्चनांचा शब्द कोणी मानला नाही. ऋषी हसले, किन्नर हसले, अगदी समिधा वाहणारेही हसले. तो अपमान मुनींच्या जिव्हारी लागला. 'जगाने माझा शब्द मानलाच पाहिजे,' अशा हट्टाने ते वाक्सिद्धीसाठी तपाला बसले. व्रत काष्ठमौनाचे होते. बोलायचे नाही, खुणावायचे नाही, सूर्य आकाशात असेतो आसन सोडायचे नाही. काष्ठ म्हणजे अक्षरशः लाकूड! तपस्व्याला लोभ नसतो असे आपण म्हणतो खरे, पण मुनींच्या मनात शब्दाचा लोभ असा काही पेटला होता की होमकुंडही त्यापुढे फिके पडावे.

व्रताला बसले तेव्हा कन्या तुहिना रांगत होती. पित्याचा आवाज तिला आठवतच नव्हता. तरी रोज सायंकाळी ती त्यांच्यापुढे बसे आणि म्हणे, "तात, व्रत संपले की पहिल्यांदा माझे नाव घ्यायचे हं!" मुनी लाकडासारखे बसून राहत, पण आतून त्यांना ते फार गोड वाटे.

अखेर उद्यापनाचा दिवस उजाडला. गाईचे तूप आणण्यासाठी धारिणी पायथ्याच्या वस्तीत निघाली. "बाळे, अंगण सोडू नकोस. आज हाकारा द्यायला मी नाही," असे ती बजावून गेली. पण पित्याच्या पूजेला कारवीची ताजी फुले हवीत, आणि कारवी फुलली होती ती पश्चिमेच्या कड्यावर. पोरीला राहवेना. परडी घेऊन ती गेली, आणि सूर्य कलता कलता धुके चढले.

"तात!" धुक्यातून हाक आली. "मला वाट दिसत नाही. आवाज द्या ना!"

मुनींनी डोळे उघडले. आवाजावरून त्यांना नेमके कळले की, लेक कड्याच्या ओठावर उभी आहे आणि तिचे तोंड दरीकडे आहे. जीभ टाळूला लागली. एक शब्द ओठापर्यंत आलाही. पण धुक्याआडचा सूर्य अजून मावळला नव्हता. बारा वर्षे आता घटकेवर आली होती! त्यांनी मनाशी हिशेब केला. 'पोर शहाणी आहे, जागची हलणार नाही. आणि हललीच, तरी सूर्यास्ताला वाक्सिद्धी माझ्या हाती येईल. एका शब्दाने मी तिला उठवीन.'

"तात, तुम्ही आहात ना तिथे?"

त्यांनी ओठ मिटले. मग दगड निसटल्याचा आवाज झाला, पाठोपाठ एक अर्धवट किंकाळी, आणि पुढे काहीच ऐकू आले नाही.

सूर्य मावळताच धुके फाटले. शुभ्रवसना, वीणाधारिणी वाग्देवी प्रकट झाली आणि वदली, "हे तपोधना, तुझे व्रत पूर्ण झाले. आजपासून तू बोलशील ते जिवंत जगाला मानावेच लागेल."

मुनी धावत कड्यावर गेले आणि बारा वर्षांनी पहिल्यांदा बोलले, "तुहिने! ऊठ, बाळे! वर ये!"

दरी स्तब्ध राहिली. मुनींनी पुन्हा गर्जना केली. खाली एक पानही हलले नाही.

"देवी, हे काय?" त्यांनी विचारले. "तुझे वरदान खोटे?"

"वरदान खरे आहे," वाग्देवी खिन्नपणे म्हणाली, "पण मृतांवर वाणीची सत्ता नाही, ती यमाची. लेक जिवंत असताना 'थांब' एवढे म्हणायला तुला कोणती सिद्धी लागत होती, मुने?"

इतक्यात मागे तुपाचा घडा फुटला. धारिणी आली होती. कड्यावर सांडलेली फुले तिने पाहिली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले.

"नाथ, तिने हाक मारली होती?"

मुनींची मान खाली गेली. "मारली होती. मी ऐकली."

धारिणी रडली नाही. तिचा आवाज चढलाही नाही. "मग ऐक, शतर्चना! ज्या वाणीसाठी तू माझी लेक दरीत जाऊ दिलीस, ती वाणी तुझी राहणार नाही. तू याच कड्याचा पाषाण होशील. कोणीही यावे, काहीही हाकारावे, तुला उत्तर द्यावेच लागेल, आणि तेही त्याच्याच शब्दांत. स्वतःचा एक शब्द तुला उच्चारता येणार नाही. फक्त तिची ती हाक पुन्हा आली, तर तिला उत्तर देण्याचे भाग्यही तुला लाभणार नाही."

पावले दगडाची होत असताना मुनींनी उःशाप मागितला नाही. वाग्देवीकडे पाहून ते एवढेच म्हणाले, "धुक्यात कोणी चुकला, तर माझा आवाज त्याला कडा दाखवू दे." देवी 'तथास्तु' म्हणाली, तोवर ओठही पाषाणाचे झाले होते.

धारिणी निर्झरापाशी गेली. तो कड्यावरून थेट दरीत कोसळत होता. "खाली माझी लेक निजली आहे," ती पदर पसरून म्हणाली. "तिच्या अंगावर पडू नकोस, बाबा." तेव्हा वायूला गहिवर आला आणि त्याने दरीतून झेपावून ते पाणी वरच्या वर उधळून दिले. धारिणी पुढे कुठे गेली, ते कोणी सांगत नाही.

धूम्रशृंगावर आजही माणसे सूर्यास्त पाहायला येतात. वाऱ्याबरोबर वर उडणारे पाणी अंगावर घेतात, कड्यावर उभे राहून हौसेने आपापली नावे हाकारतात आणि उत्तर आले की खिदळतात. धुके चढले की तिथला गुराखी पाऊल टाकण्याआधी हाक देतो, आणि उत्तर जवळून आले की मागे सरतो. त्या कड्यावरून गुराखी पडल्याचे कोणी ऐकलेले नाही. सगळ्या हाका तिथे परत येतात. पण एखाद्याने 'तात' म्हणून साद घातली, तर कितीही वेळ थांबा, समोरून काहीच येत नाही.