मिठागराकाठचं गप्प घर

फार फार मागे, आपल्या आज्यांच्या आज्याही जन्मल्या नव्हत्या तेव्हा, एका खाडीकाठी एक गाव होतं. गावाचं पोट मिठावर होतं. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटू द्यायचं आणि खाली बसलेलं मीठ फावड्याने ओढून बांधावर ढीग लावायचे. बापे जात, तशा आयाही जात. आभाळ भरून यायच्या आत सगळं मीठ छपराखाली न्यावं लागे.

आया कामावर गेल्या की लहान पोरं कुठे राहणार? बांधाला लागून एक कौलारू घर होतं. तिथे एक बाई त्यांना सांभाळायची. तिला स्वतःचं मूल नव्हतं, नवराही राहिला नव्हता. सगळी पोरं तिला मावशी म्हणत. ती वाईट नव्हती, हे आधीच सांगतो. पेज मऊ शिजवायची, नाकं पुसायची, पडलेल्याला उचलून घ्यायची.

पण पोरंच ती. आई दिसेनाशी झाली की रडायची. एक रडलं की दुसरं रडायचं. वाऱ्याबरोबर ते रडणं थेट मिठागरात जायचं. आणि आईला आपल्या पोराचा आवाज दहांतूनही कळतो. तिचं फावडं थांबे. शेजारच्या बाया हसत, "ऐक गं, तुझं वाजतंय!" हसता हसता त्यांचेही हात थांबत.

मिठागराच्या मुकादमाला हे खपेना. एके दिवशी तो मावशीच्या दारात येऊन उभा राहिला.

"घर आहे का बाजार?"

"मुकादम, लहान आहेत. रडणारच."

"मग तुझा उपयोग काय? इथून एक आवाज आला की तिकडे दहा फावडी थांबतात. तुला जमत नसेल तर सांग. दुसरी बघतो."

त्या घराशिवाय मावशीला दुसरं घर नव्हतं, आणि त्या पोरांशिवाय दुसरं माणूस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आया गेल्यावर तिने पोरांना जवळ बसवलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "खाडीच्या चिखलात एक म्हातारा राहतो. त्याला डोळे नाहीत, नुसते कान आहेत. जे पोर रडतं, त्याच्या आवाजामागे तो येतो आणि त्याला चिखलात घेऊन जातो."

पोरांनी तोंडं मिटली. त्यांत चार वर्षांची एक मुलगी होती. तिने विचारलं, "हळू रडलं तरी येतो?"

"हळू रडलं तरी," मावशी म्हणाली.

त्या दिवसापासून घर गप्प झालं. आया येताजाता म्हणू लागल्या, "मावशी, पोरं सांभाळतेस का मडकी? कशी ओळीने मांडल्यासारखी बसलीत!" मुकादमाने गुळाची ढेप पाठवली. मावशीला वाटलं, जमलं आपल्याला.

एका दुपारी एक वाकलेली आजी काठी टेकत आली. मावशीच्या आधी कित्येक वर्षं तीच या घरात पोरं सांभाळत होती. उंबऱ्यात उभी राहून तिने विचारलं, "पोरं कुठे गेली गं?"

"ही काय, समोरच आहेत."

आजीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "आजारी आहेत का?"

"नाही. शहाणी झालीत."

"मी सांभाळायचे तेव्हा डोळे चुलीकडे असायचे नि कान पोरांकडे," आजी म्हणाली. "भुकेचं रडणं वेगळं, झोपेचं वेगळं, दुखण्याचं वेगळं. रडण्यावरूनच मला सगळं कळायचं. तू आता कशावरून ओळखतेस?"

"काही हवं असलं तर सांगतील की."

"ज्याला रडायचीही भीती घातलीस, ते पोर सांगेल?"

मावशीला राग आला. "आजी, तुमच्या वेळचा मुकादम वेगळा होता."

"होता खरा," आजी म्हणाली. "निदान दुपारी एकेकाच्या अंगावरून हात फिरवत जा. झोपलेल्याच्याही."

मावशी हो म्हणाली. दोनतीन दिवस तिने हात फिरवलाही. पण पोरं इतकी निमूट बसायची, की पुढे तिला त्याची गरज वाटेना.

पावसाचे दिवस जवळ आले होते. मिठागरात घाई होती. त्या दिवशी सकाळीच मावशीने पेज चढवली. घराच्या कोपऱ्यात चुलीसाठी नारळाची सोडणं रचलेली होती. त्या चार वर्षांच्या मुलीचा चिंध्यांचा चेंडू घरंगळत सोडणांमागे गेला. ती काढायला गेली. तिथे फुरसं होतं, हातभर लांबीचा विषारी साप. ते तिच्या पायाला चावलं.

मुलीने मूठ तोंडात कोंबली. बाकीच्या पोरांनी पाहिलं. त्यांतल्या एका मोठ्या मुलाने तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. तो तिला वाचवतच होता. त्याला तेवढंच शिकवलं होतं.

मुलगी भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मावशीने चुलीपासून मान वळवून पाहिलं. "झोपली वाटतं," असं म्हणून ती उठली, तिच्या अंगावर गोधडी घातली, पायांपर्यंत नीट ओढली, आणि परत पेज ढवळायला गेली.

दुपार कलल्यावर मुलीची आई आली. हातापायांना मीठ चिकटलेलं, डोळे उन्हाने लाल. "उठ गं बाय, घरी जायचं ना?" म्हणत तिने गोधडी बाजूला केली. पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा झाला होता. मुठीवर दातांचे वळ होते.

"मावशी, हे काय झालं? मावशी, हे काय आहे?"

मुलीने डोळे उघडले. तिने आईकडे पाहिलं नाही, मावशीकडे पाहिलं.

"मावशी, मी रडले नाही," ती म्हणाली. "हळूसुद्धा नाही."

वैद्याकडे नेलं. त्याने पाला वाटून लावला, काढा पाजला, आणि आईला बाहेर बसवून मावशीला म्हणाला, "चावल्या चावल्या आणली असतीस तर वाचलीच असती, असं मी म्हणत नाही. पण काही करायला मला वेळ मिळाला असता."

तिसऱ्या दिवशी मुलगी गेली.

मावशीने सगळ्या गावासमोर सांगून टाकलं, आपण पोरांना काय भीती घातली ते. मुकादम खाली बघून म्हणाला, "मी असं कर म्हणून सांगितलं नव्हतं." पोरं गप्प बसतात म्हणून याच बायांनी मावशीची वाहवा केली होती. त्या उठून आपापल्या घरी गेल्या.

मग मावशीने पोरांना जवळ घेतलं. "बाळांनो, चिखलात कुणी म्हातारा नाही. मी खोटं सांगितलं. रडा तुम्ही. दुखलं तर मोठ्याने रडा."

ओठांवर बोट ठेवणाऱ्या त्या मुलाने हळूच विचारलं, "मग तिला कुणी नेलं?"

भीती घालायला मावशीला एक सकाळ पुरली होती. ती काढायला किती दिवस लागतील, ते तिला माहीत नव्हतं.

दहाबारा दिवसांनी, आया कामावर निघाल्या असताना, त्या मुलीची आई दारात येऊन उभी राहिली. कडेवर तिचा आठ महिन्यांचा धाकटा मुलगा होता.

मावशीचे हात पुढे होईनात. "माझ्याकडे देतेस?"

"दुसरीकडे कुठे देऊ?" आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो कधीच संपला होता. "हा रडतो फार. रडू दे त्याला."

मूल मावशीच्या हातात देऊन, मागे न बघता ती बांधावरून निघून गेली.

आई गेली तसं मूल रडू लागलं. बाकीची पोरं घाबरून भिंतीला चिकटली. मावशी त्याला मांडीवर घेऊन जमिनीवर बसली. तिने त्याचे पाय पाहिले, पोट पाहिलं, कानामागे पाहिलं. गप्प मात्र केलं नाही. चुलीवर पेज करपली तरी ती उठली नाही. ते कशासाठी रडतंय ते कळेपर्यंत ती ऐकत राहिली.

म्हणून, ज्याच्या हाती दुसऱ्याचं मूल आहे त्याने त्या मुलाच्या रडण्याला भिऊ नये, त्याच्या गप्प बसण्याला भ्यावं.