तळ्यावरचा ससाणा

एका राज्यात युद्धासाठी घडवलेले तांब्याचे शंभर ससाणे पहारा देत. सारे एकाच मूळ साच्यातून ओतलेले. साच्यावर तीन मंत्र कोरले होते: उडण्याचा, पाहण्याचा आणि अडवण्याचा. म्हणून प्रत्येक पाखराला तिन्ही विद्या जन्मतःच येत. रोज सकाळी बुरुजावरून "अडवा!" अशी हाक जाई. मग जवळ येईल त्याला ससाणे चोच मारीत आणि तो शिळा होई. पाखराच्या तांब्यात हा अडवण्याचा मंत्र असेतो शिळा सुटत नसे.

युद्ध सरले, हाक सरली नाही. तळ्यावरच्या ससाण्याने पाणी भरायला आलेली सतरा माणसे शिळा केली. सतरावा तुळजा ओतारणीचा लेक लिंबाजी. खांद्यावर घागर तशीच.

सात वर्षे तुळजा दरबारी येई. सात वर्षे मांत्रिक घोरनाथ एकच सांगे, "पाखराचा दोष नाही, बाई. साचाच तसा."

"मग साचा बदला."

"एकदा एक अक्षर खोडले, तर सीमेवरचे ससाणेही झोपले. मूळ बदलले की शंभर बदलतात."

"म्हणून माझा लेक उन्हापावसात उभा?" तुळजाचा आवाज चढला नाही; ती राजाकडे वळली. "महाराज, तळ्यावरचा ससाणा मला द्या. मी नव्याने ओतते."

राजाने तीन अटी घातल्या. मूळ साच्याला हात लावायचा नाही. त्यावरचा मंत्र उतरवून घ्यायचा नाही. आणि तळ्यासाठी वेगळी हाक मिळणार नाही.

घोरनाथ हसला. "उडणे न लिहिता उडेल कसा? शिकवणी लावणार काय?"

"माझ्या लेकाला बापाचे नाक आले, ते मी कोरून बसवले होते काय?"

तुळजाने नवा साचा केला. वर कोरले, 'मी मूळ साच्याची लेक. माझ्यापाशी नाही ते आईपाशी पाहावे.' उडणे आले, पाहणे आले. खाली एकच मंत्र आपला लिहिला, नाव तेच, अडवणे: 'आधी विचार, कोण, कशासाठी. तहानेल्याला वाट दे. विष घेऊन आला, तर आईचा मंत्र म्हण.' जुना ससाणा वितळवून त्याचेच तांबे तिने ओतले.

सकाळी राजा आणि घोरनाथ तळ्यावर आले, तुळजाने नवा साचा काठावर ठेवला, आणि तीच हाक गेली. सीमेवर चोची परजल्या. तळ्यावरचा ससाणा झेपावला आणि तुळजापुढे उतरला.

"कोण? कशासाठी?"

"तुळजा. पाण्यासाठी."

"घे." त्याने पंख मिटले.

त्याच तांब्यातून आता नवा मंत्र बोलला, तशा सतराही शिळा हलल्या. लिंबाजीने घागर सावरली. "आई, तू कशाला आलीस? आणतच होतो की."

तुळजाने त्याच्या खांद्यावरची सात वर्षांची धूळ पदराने पुसली. घोरनाथ वाकून साचा वाचत होता.

"एवढेच?" तो पुटपुटला.

"एवढेच," तुळजा म्हणाली. "आणि तुम्ही साऱ्या राज्याचे मांत्रिक."

राजाने बक्षीस पुढे केले. तिने घागर पुढे केली, भरली, आणि मुजरा न करता लेकासह वाट धरली. अडलेली माणसे घरी पोचली, सीमा राखली गेली, आणि अडलेली कहाणी इथे सुटली.